चौदा फुटांचे पाहुणे

पाहुण्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. येताना आपली वळकटी बरोबर आणणारे आणि आल्याआल्या आपली गादी पटकावणारे. तिसराही एक प्रकार असतो, हे मला यंदाच्या फाल्गुनात कळलं. हे पाहुणे चहा मागत नाहीत, घोरत नाहीत, ‘तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं हो?’ असं पहाटे उठवून विचारत नाहीत. फक्त ते जिन्यातून वर येऊ शकत नाहीत. कारण त्यांची उंची अकरा फुटांपासून चौदा फुटांपर्यंत असते आणि ते वाकत नाहीत. म्हणजे वाकतात, चांगली इंद्रधनुष्यासारखी कमान होईपर्यंत वाकतात. पण जिन्याच्या वळणावर म्हणून वाकत नाहीत.

त्याचं असं झालं. आमच्या क्रीडा मंडळाला एका कॉलेजने बांबूउडीच्या सात जुन्या काठ्या देणगी म्हणून दिल्या. ‘देणगी’ हा शब्द पत्रातला. प्रत्यक्षात त्यांना खेळाच्या खोलीत झेरॉक्सचं मशीन बसवायचं होतं. आता मंडळाची खोली दहा बाय नऊ. तिच्यात एक कॅरमबोर्ड, गणपतीच्या झांजा, गेल्या साली न खपलेल्या पावतीपुस्तकांचा गठ्ठा आणि खजिनदार या नात्याने मी, एवढंच मावतं. मग काठ्या ठेवायच्या कुठे? व्यायामाच्या सरांनी वर पाहिलं. म्हणजे देवाकडे नव्हे. आमच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीकडे.

“काका, अठ्ठेचाळीस फूट सरळ! वर छप्पर, ऊन सकाळी तासभर. अहो, गिरगावात अशी जागा शोधून सापडायची नाही.”

तीस वर्षं मी त्या गॅलरीत उभा राहून दात घासत आलो, पण तिच्याकडे या नजरेनं कधी पाहिलं नव्हतं. शिवाय मी पडलो निवृत्त. निवृत्त माणसाकडे वेळ असतो ही अफवा निवृत्त न झालेल्या लोकांनी उठवलेली आहे आणि तिच्यावर सर्वांत जास्त विश्वास आमच्या हिचा आहे. तिनं फक्त एक प्रश्न विचारला. “अहो, त्यांना धुवायला साबण मंडळाचा, की घरचा?”

काठ्या हातगाडीवरून आल्या आणि कपाट चढवतात तशा बाहेरून दोऱ्या बांधून वर ओढल्या. चाळीत कुणाच्याही घरात काहीही वर ओढलं जात असलं की सूचना देणारे खाली जमतात. “डावीकडे घ्या” म्हणणारे तिघे आणि “अहो, डावीकडे नको” म्हणणारे चौघे, एवढ्या मनुष्यबळावर सातही काठ्या गॅलरीत पोचल्या. पैकी दोन अस्सल बांबूच्या, एक अॅल्युमिनियमची आणि चार फायबरग्लासच्या. सरांनी त्या भिंतीला टेकवून उभ्या करू दिल्या नाहीत. फायबरग्लासची काठी कोपऱ्यात उभी करून ठेवणं हा त्यांच्या लेखी गुन्हा. ती आडवी हवी, तीन ठिकाणी आधार हवा आणि तो आधारही मऊ हवा. म्हणून भिंतीला तीन खुंट्या ठोकून त्यांवर आमच्या आईच्या हातची गोधडी फाडून गुंडाळली. मला जन्मात एवढ्या काळजीनं कुणी निजवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो एका काठीवर तीन पंचे, एक बंडी आणि शेजारच्या काकूंचं ओलं नऊवारी पातळ. काकूंचा मुद्दा सरळ होता. काठी आडवी आहे, गॅलरीत आहे आणि रिकामी आहे. अशा वस्तूला चाळीच्या घटनेत वलण म्हणतात. मी घाईघाईनं पातळ काढायला गेलो (आणि शेजारणीचं पातळ काढायला धावणाऱ्या गृहस्थाविषयी समोरच्या चाळीचं जे मत झालं ते असो), तेवढ्यात सर आले. मला वाटलं, आता रागावणार. पण ते काठीच्या पोटाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “काका, कारखान्यात अशीच परीक्षा घेतात.”

ही माहिती मला नवी होती. काठी दोन टोकांना टेकवायची, मध्ये पन्नास पौंडांचं वजन टांगायचं आणि ती किती सेंटिमीटर लवली ते मोजायचं. आकडा मोठा तर काठी मऊ, लहान तर कडक. म्हणजे काकूंचं पातळ पन्नास पौंडांचं असतं तर ती परीक्षा आमच्या गॅलरीत रोज सकाळी फुकट झाली असती. काठीवर तिची लांबी लिहिलेली असते, तसं एक वजनही लिहिलेलं असतं. पण ते काठीचं नव्हे, माणसाचं. एवढ्या पौंडांपर्यंतच्या माणसानं हिच्यावर उडी मारावी, त्याहून जड असाल तर कृपया दुसरी काठी बघा, असा त्याचा अर्थ. आमच्या हिनं चारही काठ्यांवरचे आकडे वाचले. चौदा फुटांच्या दोन, १६० आणि १७० पौंडांच्या. बारा फुटांची एक, १२० पौंडांची. अकरा फुटांची एक, ११० पौंडांची. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. माझं वजन अठ्ठ्याहत्तर किलो, म्हणजे १७२ पौंड. “यांतली एकही तुम्हाला चालत नाही,” ती म्हणाली, “म्हणजे नुसत्या पुसायच्या. बरं झालं, लिहिलेलं आहे ते.”

बांबूच्या दोन काठ्यांचा निकाल लवकर लागला. बांबू जुना झाला की त्याला दोन आजार होतात, चीर आणि घुण. एक काठी टिचकी मारली की मडक्यासारखी बद्द वाजत होती आणि खालच्या पेरातून पिवळी पूड गळत होती. दुसरी शाबूत, पण पेरांमधली पट्टी सुटलेली. बांबू फुटू नये म्हणून त्याला जागोजाग चिकटपट्टीचे वेढे द्यायची पद्धत होती. हल्ली बांबूवर कुणी स्पर्धेतली उडी मारीत नाही, तरी मराठीत या खेळाला आपण अजून बांबूउडीच म्हणतो. घोडे गेले तरी मोटारीची ताकद घोड्यांतच मोजतात, त्यातलाच प्रकार.

पण या बांबूला आपण कमी लेखू नये. अमेरिकेच्या कॉर्नेलियस वॉर्मरडॅमनं १९४० साली पंधरा फुटांची उडी पहिल्यांदा मारली ती बांबूच्याच काठीवर. १९४२ साली तो ४.७७ मीटरवर गेला आणि त्याचा तो विक्रम १९५७ पर्यंत कुणाला हलवता आला नाही. त्याच्याही आधी, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जपानचे निशिदा आणि ओए या दोन मित्रांनी सारखीच उडी मारली. रौप्यपदक कुणाचं आणि कांस्य कुणाचं हे ठरवायला आणखी उड्या मारायचं त्यांनी नाकारलं. पदकं मिळाली एक-एक. तेव्हा घरी जाऊन त्यांनी दोन्ही पदकं मधोमध कापली आणि अर्धं रुपेरी, अर्धं कांस्याचं अशी दोन जोडपदकं करून घेतली. आमच्या चाळीत दोन भावांनी एक भिंत अशी वाटून घेतली होती; पण ते प्रकरण कोर्टात गेलं.

हे सगळं मी अण्णांना सांगितलं, कारण अण्णा तो शाबूत बांबू मागायला आले होते. पाडवा आठ दिवसांवर आला होता आणि त्यांच्या गुढीची काठी पावसाळ्यात कुजली होती. सरांनी बांबूला जवसाच्या तेलाचा हात दिला, दोन दिवस सावलीत सुकवला आणि अण्णांच्या स्वाधीन केला. पाडव्याला जांभळा खण, कडुनिंबाचा डहाळा, साखरेची माळ आणि पालथा तांब्या लेवून तो असा उभा राहिला, की वॉर्मरडॅमनं पाहिला असता तर त्यालाही बरं वाटलं असतं.

अॅल्युमिनियमची काठी मधोमध किंचित वाकडी होती. धातूची नळी एकदा वाकली की सरळ करून कामाला येत नाही; ती वाकल्याची आठवण ठेवते आणि पुढच्या खेपेला तिथेच दुमडते. रोम ऑलिंपिकला, १९६० साली, डॉन ब्रॅगनं सुवर्णपदक धातूच्याच काठीवर जिंकलं होतं. त्यानंतर मात्र फायबरग्लासनं सगळ्यांना घरी बसवलं. सरांनी ती काठी तडक भंगारात काढली.

राहिल्या चार. इथून खरं काम सुरू झालं आणि खरे सल्लेही. काकू म्हणाल्या, चिंच लावा. अण्णा म्हणाले, काथ्या आणि राख; त्याच्यापुढे जगातला कुठलाही मळ टिकत नाही. पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ पूर्वी मल्लखांब करीत. ते म्हणाले, एरंडेल! मल्लखांबाला एरंडेल चोळतात हे खरं. पण ज्या वस्तूला घट्ट धरून माणूस स्वतःला आकाशात फेकतो, तिला एरंडेल लावणं म्हणजे त्याला परत न येण्याची सोय करून देणं. सरांनी सगळ्यांना हात जोडले. साधं पाणी, चार थेंब साबण आणि मऊ फडकं. घासायचं नाही, खरवडायचं नाही, पॉलिशकागद दाखवायचाही नाही. ही काठी म्हणजे काचेचे धागे आणि राळ यांचे थरावर थर गुंडाळून भाजलेली नळी. वरचा धागा तुटला, की त्या जागी तिचं बळ तुटलं.

सर्वांत वेळ जातो तो मुठीच्या जागेवरच्या जुन्या पट्ट्या काढण्यात. प्रत्येक उडी मारणारा आपली पट्टी आधीच्याच्या पट्टीवर गुंडाळतो. आधीची काढायची असते हे त्याला ठाऊक असतं; पण स्पर्धा उद्याच असते. त्यामुळे कांद्यासारखे पापुद्रे निघत जातात. पांढरी पट्टी, तिच्याखाली काळी, तिच्याखाली डॉक्टरी चिकटपट्टी, तिच्याखाली आणखी एक काळी. तळाशी जो चिकट थर उरतो तो स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचा. त्याला ब्लेड लावायचं नाही. मी तीन दुपारी यात घालवल्या. बोटं एकमेकांना अशी चिकटत, की जेवताना दोन घास एकदम येत. आणि जिथे काठीचा वरचा थर सोललेला होता तिथला अदृश्य कुसळ एकदा मनगटात गेला, तेव्हा खाजकुयली म्हणजे काय हे लहानपणानंतर प्रथमच आठवलं. पुढे मी हिचे भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले. ते गुलाबी आहेत. समोरच्या चाळीनं त्याचीही नोंद घेतली.

तळाला रबरी बूच असतं. धावत येऊन काठी ज्या पेटीत रोवायची, तिथे पहिला दणका ते खातं. दोन बुचं दगडासारखी झाली होती. अण्णांनी लगेच आपल्या हातातल्या काठीचं रबर काढून दाखवलं, “हे बसतंय का बघा, औषधाच्या दुकानात मिळतं.” पण सरांनी मापाची नवी बुचं मागवली. या माणसाचं एक मला आवडतं. तो कुणालाही मूर्ख म्हणत नाही. फक्त मापाची वस्तू मागवतो.

तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्यांची पोरगी रोज संध्याकाळी वर यायची. नववीतली, अंगानं शिडशिडीत, वजन अठ्ठेचाळीस किलो. आमच्या वेळी मुलींसाठी लिंबू-चमचा असे आणि फार झालं तर सुईदोरा. ऑलिंपिकमध्येही बायकांची बांबूउडी आली ती २००० साली, सिडनीला. या पोरीनं सरांच्या मोबाइलवर डुप्लांटिसची उडी पाहिली होती, २०२५ सालची, टोकियोची. ६.३० मीटर, म्हणजे वीस फूट आठ इंच. तिनं त्याचा हिशेब चाळीत मांडला होता. “काका, तो तुमच्या गॅलरीच्या फरशीला हात लावील!” दुसऱ्या मजल्यावर जिना न चढता येण्याचा हा एकच मार्ग माझ्या वयाच्या माणसाला न परवडणारा निघावा, हे दुर्दैव. महाराष्ट्र दिनाला मंडळाच्या स्पर्धा होत्या. शेजारच्या शाळेनं मैदान आणि उडीच्या जाड गाद्या द्यायचं कबूल केलं होतं. अठ्ठेचाळीस किलो म्हणजे १०६ पौंड. अकरा फुटी, ११० पौंडांची ती काठी जणू तिच्या मापानं शिवलेली. रंग निळा, चारही काठ्यांत देखणी तीच. पोरगी रोज येऊन ती पुसायची, आधीच पुसलेली असली तरी.

पुसून झालं की तपासणी. आमच्या घरात निरांजनाच्या वाती वळायचा कापूस असतो. त्याचा सैल बोळा करून काठीवरून अलगद फिरवायचा. डोळ्याला न दिसणारा कुसळ कापसाला दिसतो. तिथे तो तंतू सोडून जातो. निळ्या काठीच्या मध्याच्या जरा वर एक पट्टी गुंडाळलेली होती. ती मुठीची जागा नव्हे. पट्टी काढली, चिकटा पुसला आणि कापूस फिरवला. पांढरा तंतू अडकला. बघतो तो नखाच्या कोरीएवढा एक आडवा खाच, कुणाच्या तरी बुटाच्या खिळ्याचा. खाचेच्या कडेनं निळ्यात पांढुरकं दिसत होतं. देणगीदारांनी ती पट्टी जखम बांधायला लावली होती की झाकायला, ते त्यांनाच ठाऊक.

मंडळाची तातडीची बैठक गॅलरीतच झाली. एवढीशी खाच! एम-सील भरा. वर निळा रंग मारा. पट्टी होती तशी परत लावा. इतके दिवस कुणी मेलं का? सचिवांचं म्हणणं, निमंत्रणपत्रिकेत ‘मुलींची बांबूउडी’ छापून झालंय. सर शांतपणे म्हणाले, “कापडवाला काय करतो? एवढीशी कात्री लावतो आणि पुढचं नुसतं हातानं फाडतो. काठी वाकली, की तिच्या बाहेरच्या अंगाला ताण येतो. ही खाच म्हणजे ती कात्री.” मग त्यांनी लाझारो बोर्गेसचं नाव काढलं. हा क्यूबाचा उडीपटू. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत भर उडीत त्याच्या काठीचे तुकडे झाले. तो गादीवर पडला म्हणून निभावलं. त्याच्या काठ्या तर आमच्यासारख्या मोफत आलेल्या नसणार.

तरी सचिव ऐकेनात. पोरगी माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, “काका, मी जोरात नाही मारणार उडी. हळू मारीन.” या वाक्यानंतर कुणालाच काही सुचेना. हळू उडी कशी मारतात हे विचारायचाही धीर होईना.

तिचे वडील कपड्यांचं गाठोडं द्यायला वर आले होते. त्यांनी गाठोडं खाली ठेवलं, काठीवर वाकून ती खाच पाहिली, अंगठ्यानं नव्हे, नुसत्या डोळ्यांनी. मग सचिवांना म्हणाले, “साहेब, आमच्या हातनं कापड जळलं, तर आम्ही गिऱ्हाइकाला दाखवतो. घडीच्या आत घालून देत नाही.”

बैठक संपली. प्रश्न उरला काठीचा. माझ्या मनात होतं, भिंतीवर शोभेला ठेवावी. सर नको म्हणाले. शोभेची काठी दोन वर्षांनी कुणीतरी खाली काढतो, पुसतो, म्हणतो ‘वा, नवीनच आहे की!’ तेव्हा खराब काठी कापायचीच. तोंडाला रुमाल बांधून, ओलं फडकं टाकून सरांनी करवतीनं तिचे तीन तुकडे केले. पोरगी बघत उभी होती. ती रडली नाही, पण शेवटच्या तुकड्याला तिनं पाठ फिरवली. एक तुकडा काकूंनी पडद्याला नेला. त्यांच्या स्वयंपाकघराला निळा रंग शोभतो.

मग बारा फुटांची राहिलेली. १२० पौंडांची, म्हणजे तिला जरा जास्तच कडक. कडक काठीचा धोका निराळा. ती मोडत नाही, पण फार वर धरली तर उभीच राहत नाही आणि माणसाला आला तसा मागे ढकलते. तेव्हा मूठ खाली घ्यायची, काठी वाकवायच्या भानगडीत पडायचं नाही आणि आजोबांच्या काळातल्या बांबूसारखी सरळ उडी मारायची. उंची कमी मिळते. एप्रिलभर ती पोरगी भल्या पहाटे मैदानावर जात होती. काठीला मी जुन्या पातळाची लांब पिशवी शिवून घेतली. नाडी बांधली की ऊनही लागत नाही आणि हातगाडीवर ठोकरही बसत नाही. काठी हरवू नये म्हणून पिशवीवर मोठ्या अक्षरांत मंडळाचं नाव घातलं. बीजिंगला २००८ च्या ऑलिंपिकमध्ये ऐन अंतिम फेरीत ब्राझीलच्या फाबियाना मुरेरची एक काठी सापडेनाशी झाली होती. जिथे ऑलिंपिकवाल्यांना काठी सांभाळता येत नाही तिथे आमची चाळ काय! आमच्याकडे पादत्राणंसुद्धा मोजून ठेवावी लागतात.

एक मेला प्रमुख पाहुणे अर्धा तास उशिरा आले आणि हार गळ्यात असतानाच मैदानात उतरले. पोरगी पहिल्या दोन प्रयत्नांत आडव्या दांडीला पाय लावून आली. तिसऱ्या खेपेला तिनं मूठ चार बोटं खाली घेतली, धावली, काठी रोवली, आणि दोन मीटरवरची दांडी जागची हलली नाही. काठी उलट दिशेनं पडू लागली होती, ती सरांनी जमिनीला टेकायच्या आत झेलली. टाळ्या चालू होत्या. तिच्या वडिलांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते अजून गादीकडेच बघत होते, पोरगी नीट उठते का ते.

ती उठली, केस मागे सारले आणि धावत माझ्याकडे आली. मला वाटलं, नमस्कार करणार. मी आशीर्वादाला हात उचललाही. “काका, कापूस आणलाय ना? काठी तपासायचीय. अडीचला परत मारायचीय.”

मी सदऱ्याच्या खिशातून कापसाचा बोळा काढला. शेजारी उभ्या असलेल्या प्रमुख पाहुण्यांना वाटलं, अत्तर. त्यांनी हसून मनगट पुढे केलं.